हसण्याआधीचे छत्तीस दिवस

९ मार्च २०२०, होळीची संध्याकाळ. मुंबईत वरळीला त्या वर्षी होळीत 'कोरोनासुर' उभा होता. विषाणूचा राक्षस केला, त्याला पेटवलं आणि त्याची चित्रं रात्रीतच मोबाइलवरून सगळीकडे गेली. त्याच दिवशी पुण्यात महाराष्ट्रातले पहिले दोन रुग्ण सापडले, दुबईची सहल करून आलेलं एक जोडपं. आणि त्याच रात्री इटलीच्या पंतप्रधानांनी टीव्हीवरून सांगितलं की अख्खा देश बंद होतोय, कारण उत्तरेकडे बेर्गामोसारख्या शहरांतल्या दवाखान्यांत खाटा पुरेनाशा झाल्या होत्या.

तारीख एक, विषाणू एक. वरळीत त्याचा खेळ झाला होता, पुण्यात तो बातमी होता, बेर्गामोत तो शेजारच्या घरात शिरला होता. माणसं मरणावर का हसतात हा प्रश्न जुनाच आहे. मला त्याहून विलक्षण वाटतो तो दुसरा प्रश्न: एकच चित्र, एकच वाक्य वाचून एक माणूस पोट धरून हसतो आणि दुसऱ्याच्या पोटात खड्डा पडतो, हे कशानं होतं? दोघं एकाच घरात वाढलेले, सारख्याच स्वभावाचे असले तरी हे होतं. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत ते इतक्या वेळा, इतक्या उघडपणे झालं की त्यातून माणसाच्या हसण्याबद्दल बरंच काही कळतं.

आधी त्या काळातली सगळ्यात गाजलेली गंमत घेऊ. घानाच्या किनाऱ्यावर प्रामप्राम नावाचं गाव आहे. तिथले बेंजामिन ऐडू शवपेटी खांद्यावरून नेण्याचा व्यवसाय करतात. काळे सूट, चकचकीत बूट, डोळ्यांवर गॉगल अशी त्यांची माणसं पेटी खांद्यावर घेऊन चक्क नाचतात, गुडघ्यांवर येतात, पेटीसकट गिरक्या घेतात. घरच्यांना आधीच विचारलेलं असतं: शांतपणे न्यायचं, की नाचत? ज्यांना आपल्या माणसाला आनंदानं निरोप द्यायचा असतो ते नाच मागतात. यात विनोद कुठेच नाही. हा मानाचा प्रकार आहे. बीबीसीनं २०१७ साली त्यांच्यावर एक छोटी फिल्म केली आणि ती जगभर पाहिली गेली.

मग २०२०च्या सुरुवातीला टिकटॉकवर कुणीतरी त्या नाचाला एक चाल जोडली. टोनी इगी या रशियन संगीतकारानं २०१० साली केलेली 'ॲस्ट्रोनोमिया' ही धून, आणि तिला व्हाइसटोन या डच जोडगोळीनं २०१४ साली दिलेलं नवं रूप. व्हिडिओची रचना साधी. कुणीतरी काहीतरी धोक्याचं करायला जातं, पडणार एवढ्यात चित्र तुटतं आणि गॉगलवाले पेटी घेऊन नाचू लागतात. मृत्यू दिसतच नाही. एक तुकडा संपतो, दुसरा सुरू होतो आणि मधली फट बघणाऱ्याचं मन भरून काढतं. महामारी आली तेव्हा ही रचना तयारच होती. मास्क न लावता बाहेर पडलेला माणूस, आणि लगेच नाच. दक्षिण अमेरिकेत पोलीस खांद्यावर पेटी घेऊन रस्त्यात नाचले. ब्राझीलमध्ये या मंडळींचं चित्र आणि 'घरात बसा, नाहीतर आमच्याबरोबर नाचा' अशा अर्थाचा मजकूर मोठाल्या फलकांवर लागला. स्वतः ऐडू यांनीही हा इशारा आपलासा केला, आणि पुढे मास्क लावून जगभरच्या डॉक्टरांचे आभार मानणारा व्हिडिओ केला.

यातली मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट अशी की १५ मार्च २०२० रोजी घानाच्या राष्ट्राध्यक्षांनी सार्वजनिक अंत्यविधींवर बंदी घातली होती. दफन करायचं तर खासगीत, पंचवीसपेक्षा जास्त माणसं न जमवता. सगळं जग हा नाच बघत होतं तेव्हा तो त्याच्या स्वतःच्या गावी थांबला होता. शोकाची एक रीत हजारो मैल लांब जाऊन विनोद झाली होती. मधे होतं ते फक्त अंतर.

हे अंतर मोजता येतं का? अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी, पीटर मॅग्रॉ आणि केलेब वॉरन यांनी, २०१० साली हसण्याबद्दल एक मांडणी केली होती. एखादी गोष्ट चुकीची, धोक्याची, नियम मोडणारी वाटावी आणि त्याच क्षणी ती निरुपद्रवीही वाटावी. ही दोन्ही एकत्र आली की हसू येतं. गुदगुल्या घ्या. तो एक प्रकारचा हल्लाच असतो, पण आपल्या माणसानं केलेला. अनोळखी माणसानं केल्या तर आपण किंचाळू, आणि स्वतःच स्वतःला केल्या तर काहीच होत नाही.

मग २९ ऑक्टोबर २०१२ रोजी सँडी नावाचं चक्रीवादळ अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर धडकलं. शंभराहून जास्त माणसं गेली. वादळ यायच्या आधीच कुणीतरी खुद्द वादळाच्या नावानं ट्विटरवर खातं उघडून विनोद करायला लागलं होतं. मी एका हॉटेलचं छप्पर उडवलंय, आता सगळ्यांना ब्रेड फुकट, अशा धर्तीचे. मॅग्रॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही संधी साधली. तेच ते विनोद त्यांनी वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या लोकांना दाखवले, वादळ येण्याआधी, आल्यावर, आणि नंतर तीन महिन्यांहून जास्त काळ. किती हसू येतं, ते विचारलं.

आलेख असा निघाला. वादळ यायच्या आधी लोकांना ते विनोद गमतीचे वाटत होते. नुकसान कळत गेलं तसं हसू घसरत गेलं आणि पंधराव्या दिवशी अगदी तळाला गेलं. मग ते परत चढू लागलं आणि छत्तिसाव्या दिवशी शिखरावर पोचलं. नव्व्याण्णवाव्या दिवशी पुन्हा उतरलेलं. म्हणजे दुःख फार जवळ असलं तर हसू येत नाही, आणि फार लांब गेलं तर त्या हसण्यात दमच राहत नाही. या दोहोंच्या मधे एक पट्टा आहे. अजून थोडं टोचतंय पण आता जखम होणार नाही, अशी ती जागा. विनोदाचा एक शब्दही बदललेला नव्हता. दिवस तेवढे पुढे गेले होते.

पण सँडीला एक तारीख होती. कोविडला अशी एक तारीख कधीच मिळाली नाही. प्रत्येक घराचं घड्याळ वेगळ्या दिवशी सुरू झालं, काही घरांत ते दोनदा-तीनदा पुन्हा शून्यावर आलं आणि काही घरांत सुरूच झालं नाही. समाजमाध्यमांनी ही सगळी घड्याळं एका भिंतीवर आणून टांगली. आपण ज्याला 'लोकांच्या वेगवेगळ्या वृत्ती' म्हणत होतो, कुणी निगरगट्ट, कुणी हळवं, कुणी बेफिकीर, त्यातला मोठा भाग वृत्तीचा नव्हताच असं मला वाटतं. कुणाचा पंधरावा दिवस होता, कुणाचा छत्तिसावा, आणि कुणाच्या किनाऱ्यावर वादळ अजून आलंच नव्हतं.

नात्यातल्या पन्नास-साठ जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप डोळ्यांसमोर आणा. एप्रिल २०२०. इकडे अकोल्यात, नाशकात, डोंबिवलीत माणसं घरात कोंडलेली, पण बहुतेकांच्या ओळखीत आजारी कुणी नाही. भांडी घासणाऱ्या नवऱ्यांचे विनोद, 'गो कोरोना'च्या घोषणेची गाणी, लांबलेल्या दाढीचे फोटो. त्याच ग्रुपात न्यू जर्सीला राहणारी भाची आहे. तिच्या आसपास रुग्णवाहिकांचे आवाज थांबत नाहीत आणि शवागारं अपुरी पडली म्हणून शीतवाहनं आणलेली आहेत. ती त्या विनोदांवर काहीच लिहीत नाही. पुढच्या वर्षी उलट. एप्रिल २०२१मध्ये तिकडे लसीच्या रांगा सरकतायत, लोक हळूहळू अंगणात जेवणं करू लागलेत. आणि इकडे २१ एप्रिलला नाशिकच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण दगावतात. ग्रुपवर एकामागून एक 'भावपूर्ण श्रद्धांजली', मधे बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा हवाय, रेमडेसिवीर कुठे मिळेल, व्हेंटिलेटरचा बेड आहे का. अशात कुणीतरी सवयीनं एक विनोद पुढे ढकलतं, आणि ग्रुप एकदम गप्प होतो. तोच विनोद कदाचित वर्षापूर्वी तिथेच सगळ्यांना आवडला होता.

त्या आठवड्यांत आपल्याकडची समाजमाध्यमं काय झाली होती ते आठवून आजही ऊर भरून येतो. वर्षभर ज्या खात्यांवरून चेष्टा चालली होती त्याच खात्यांवरून अनोळखी माणसं अनोळखी माणसांसाठी रात्रभर फोन करून बेड शोधत होती. तीच बोटं, तीच उपकरणं. घड्याळ बदललं होतं.

अंतर नुसतं दिवसांचं नसतं, ऐपतीचंही असतं. २०२०च्या उन्हाळ्यात घरात बसलेल्यांचा एक वर्ग डालगोना कॉफी घुसळण्यात आणि कंटाळ्याचे विनोद करण्यात रमला होता. ८ मे रोजी पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याहून ते चालत निघाले होते, भुसावळला गाडी मिळेल या आशेनं. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचं छायाचित्र दुपारपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर पोचलं, बहुधा त्याच कॉफीच्या चित्रांच्या खालोखाल. कॉफीची चित्रं टाकणारी माणसं दुष्ट नव्हती. पण त्यांच्या विनोदातला कंटाळा हा ज्यांच्या डोक्यावर छप्पर आहे त्यांनाच परवडणारा कंटाळा होता, आणि हे त्या दिवशी फार थोड्यांना बोलून दाखवता आलं.

आता उलट्या टोकाकडे या. मरणाच्या सगळ्यात जवळ असतात ती माणसं, म्हणजे डॉक्टर, परिचारिका, शववाहिका चालवणारे. अंतराच्या हिशेबानं त्यांनी तर अजिबात हसू नये. पण काळाकभिन्न विनोद सगळ्यात जास्त त्यांच्याचकडे असतो. केटी वॉटसन या अमेरिकन अभ्यासक वैद्यकीय नीतिशास्त्र शिकवतात. २०११ साली त्यांनी लिहिलेल्या एका लेखात एक प्रसंग आहे. आपत्कालीन विभागातल्या शिकाऊ डॉक्टरांनी रात्री पिझ्झा मागवला. बराच वेळ झाला, पिझ्झा येईना. तेवढ्यात गोळी लागलेला एक मुलगा आत आणला गेला. तोच पिझ्झा आणणारा होता, त्याला रुग्णालयाजवळच लुटलं होतं. डॉक्टरांनी जिवाचं रान केलं, तो वाचला नाही. थोड्या वेळानं कुणीतरी विचारलं, पिझ्झ्याचं काय झालं? खोकं बाहेर पडलेलं सापडलं. सगळे त्याच्याभोवती बसले आणि एक जण म्हणाला, याला टीप किती द्यायची? सगळे हसले, आणि त्यांनी तो पिझ्झा खाल्ला.

मी हा प्रसंग वाचला तेव्हा आधी शहारा आला. मग लक्षात आलं की त्या खोलीतल्या प्रत्येकाचे हात काही मिनिटांपूर्वी त्या मुलाच्या छातीवर होते. त्यांना अजून सकाळपर्यंत काम करायचं होतं, पुढच्या माणसाला वाचवायचं होतं. छत्तीस दिवस थांबायला त्यांना वेळच नव्हता, म्हणून त्यांनी एका वाक्यात तेवढं अंतर तयार केलं. शरीरही याला साथ देतं. रॉबिन डनबार आणि सहकाऱ्यांनी प्रयोगात लोकांच्या हाताला बाटल्या गार ठेवायची गोठवलेली पट्टी गुंडाळून वेदना किती सोसता येते ते मोजलं, आणि चारचौघांत खळखळून हसल्यावर ती सोसण्याची ताकद वाढलेली दिसली.

पण त्या खोलीला दार होतं आणि ते बंद होतं. मुलाची आई पलीकडे बसलेली असती तर हे वाक्य कुणीही उच्चारलं नसतं. समाजमाध्यमांवर दारच नाही. तिथे लिहिलेलं वाक्य डॉक्टर वाचतो आणि आईही वाचते, एकाच अक्षरात, एकाच क्षणी. लिहिणारा कुठे उभा राहून बोलतोय, हात रक्तानं माखलेला आहे की पडद्यावर नुसता फिरतोय, हे त्या अक्षरांत कुठेच दिसत नाही.

आणि म्हणून तिथे काही माणसं अंतर मुद्दाम तयार करू शकतात. मार्च २०२०मध्ये इंग्रजी ट्विटरवर या विषाणूला म्हाताऱ्या पिढीचा सफाया करणारा म्हणून नाव पडलं आणि तो हॅशटॅग चालला. मेलेल्यांना 'ते' म्हणून टाकलं की दुःख जवळ यायचं कारणच उरत नाही. हे हसणं मला पिझ्झ्याच्या खोक्याभोवतीच्या हसण्याच्या अगदी विरुद्ध वाटतं, वाक्यं सारखीच बोचरी असली तरी. तिथे सोसवत नव्हतं म्हणून अंतर केलं होतं. इथे सोसावंच लागू नये म्हणून.

यातलं सगळ्यात गुंतागुंतीचं उदाहरण रेडिटवरचं आहे. हर्मन केन हे अमेरिकेतले राजकारणी २० जून २०२० रोजी टल्सा इथल्या प्रचारसभेला मास्कशिवाय बसले होते आणि ३० जुलैला कोविडनं वारले. त्यांच्या नावानं रेडिटवर 'हर्मन केन पुरस्कार' सुरू झाला. कोविडची, मास्कची, लसीची टिंगल करणाऱ्या आणि मग त्याच आजारानं गेलेल्या साध्या माणसांच्या फेसबुक पोस्ट ओळीनं लावायच्या. सुरुवातीला चेष्टा, मग 'जरा ताप आहे', मग 'प्रार्थना करा', मग घरच्या कुणीतरी लिहिलेली बातमी, आणि शेवटी अंत्यविधीच्या खर्चासाठी वर्गणी. नावं झाकायची सक्ती उशिरा झाली. २०२१मध्ये तिथे लाखो लोक जमले. मेलेल्या माणसाला बक्षीस देणं मला क्रूर वाटतं, आणि त्यातल्या रागाचं कारण कळूनही क्रूरच वाटतं.

पण त्याच जागी आणखी एक प्रकार सुरू झाला. लोक आपली लसीकरणाची कार्डं टाकू लागले. हे सगळं वाचून आज लस घेऊन आलो, असं सांगणारे. त्यांच्यासाठी वेगळा, जिवंत माणसांचा पुरस्कार निघाला. काय झालं असेल? हसायला आलेला माणूस पोस्टमागून पोस्ट वाचत जातो. त्या अनोळखी माणसाचा ट्रक, त्याची नात, त्याचं कुत्रं कळत जातं. पंधरा-वीस चित्रं झाली की तो अनोळखी राहत नाही. लांबून बघायला म्हणून उघडलेलं पान वाचणाऱ्याला ओढत त्या घराच्या दाराशी नेतं, आणि तिथे काही जणांनी हसायचं थांबून लसीकरण केंद्राचा पत्ता शोधला.