मोटारीचे सुकाणू आणि इंधनाची बचत

गोणीतील धान्याची घट डोळ्यांस दिसत नाही. काट्यावर चढविल्यावरच ती कळते. मोटारीच्या इंधनाचेही तसेच आहे. जुन्या मोटारीचे तेलाच्या दाबावर चालणारे पॉवर स्टिअरिंग काढून विजेचे बसविल्यास डिझेल वाचेल काय, असे सुरतेतील काही बंधू हल्ली विचारतात. त्याचा हिशेब येथे मांडीत आहे.

जुन्या पद्धतीत इंजिनाच्या पट्ट्यावर पंप फिरतो व तेलास दाब देतो. त्या दाबामुळे चाके सहज वळतात. १९५१ साली अमेरिकेत क्रायस्लर इम्पीरियल या मोटारीतून ही सोय प्रथम बाजारात आली. तिची उणीव अशी, की धुळ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वळण नसतानाही पंप फिरतच राहतो व इंजिनाची शक्ती खातो. विजेच्या पद्धतीत चक्रावर हाताचा जोर पडेल तेव्हाच मोटर मदतीस येते. ही रचना १९८८ साली जपानच्या सुझुकी सर्व्हो या लहान मोटारीत प्रथम आली.

बचत साधारणतः शेकडा ३ ते ५ सांगतात. आपण ३ धरू. महिना १,००० किलोमीटर व लिटरला १२ किलोमीटर धरता ८३ लिटर डिझेल लागते. पैकी अडीच लिटर वाचेल. लिटरचा भाव ९० रुपये धरल्यास वर्षाची बचत २,७०० रुपये होते. बदलास ४०,००० रुपये लागले, तर मुद्दल फिटण्यास जवळजवळ १५ वर्षे हवीत. आणि खाजगी मोटारीची मूळ नोंदणीच १५ वर्षांची असते! व्याज तर आपण धरलेलेच नाही.

शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत फेरफारास बंधन आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच उचलून धरले. अपघात झाल्यास विम्याचा दावाही अडू शकेल. विजेचे सुकाणू वेगानुसार मदत कमीजास्त करते; परक्या गाडीचे यंत्र बसविल्यास तो मेळ चुकून भर वेगात चक्र फाजील हलके होण्याची भीती असते.

म्हणून माझे मत असे : जुन्या गाडीत टायरची हवा व चाकांची सरळ रेषा वेळच्या वेळी तपासावी, नवी घेताना मात्र कारखान्यातूनच विजेचे सुकाणू असलेली घ्यावी. पुढील जमीन पाहून पाऊल टाकावे, ही ईर्यासमितीची शिकवण आपणांस नवी नाही. सुकाणू हाती असणाऱ्याने ती अधिकच पाळावी. चार पैशांच्या बचतीपायी कुटुंबाचा जीव धोक्यात घालणे हा व्यापार नव्हे.

जय जिनेंद्र.