‘पाठवले’ म्हणजे पोहोचले नव्हे!
संगणकातून बिले पाठवणाऱ्या व्यापारी बांधवांसाठी

कापडाच्या धंद्यात कागद वेळेवर पोहोचला तरच पैसा वेळेवर येतो. पूर्वी खातेउतारे टपालाने जात. आता सॉफ्टवेअरच उतारा तयार करते आणि ई-मेलने पार्टीला पाठवते. सोय मोठी आहे, पण तिच्यात एक धोका लपला आहे. त्याचा फटका आम्ही खाल्ला आहे, म्हणून हे चार शब्द.

आमच्या पेढीवर महिनाअखेरीस साठ-सत्तर उतारे एकदम पाठवावे लागतात. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये बटण दाबले की पडदा गोठून जाई. समोर गिऱ्हाईक उभे आणि मुनीमजी हात बांधून बसलेले! तक्रार केल्यावर सॉफ्टवेअरवाल्याने बदल करून दिला. बटण दाबताच ‘पाठवले’ अशी अक्षरे येऊ लागली आणि संगणक लगेच मोकळा होऊ लागला. आम्ही खूष झालो.

एके संध्याकाळी मगरिबची अजान झाली. मुलाने बटण दाबले, ‘पाठवले’ वाचले आणि संगणक बंद करून तो नमाजला गेला. पुढे अहमदाबादच्या एका जुन्या पार्टीचे पैसे थकले. विचारले तर म्हणाले, “शेठ, उताराच मिळाला नाही, ताडून काय पाहू?” आमच्या पडद्यावर तर ‘पाठवले’ होते. आम्ही त्यांना टाळाटाळ करणारे समजलो, कडक बोललो, माल रोखला. नंतर तपास केला तेव्हा कळले, त्या संध्याकाळचे अकरा उतारे निघालेच नव्हते. चूक आमची होती. आम्ही माफी मागितली, पण वीस वर्षांच्या व्यवहारात गाठ पडली ती पडलीच.

असे का होते, हे जाणकाराकडून समजून घेतले. ई-मेल पाठवताना आपला संगणक सर्व्हरशी पायरीपायरीने बोलतो. हे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिले. प्रत्येक पायरीवर सर्व्हर एक आकडा देतो. २५० म्हणजे मान्य. ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे तात्पुरती अडचण, थोड्या वेळाने या. ५ ने सुरू होणारा म्हणजे साफ नकार. हे बोलणे पडद्यामागे चालवले की खिडकी गोठत नाही. मात्र काम सोपवले म्हणजे ते झाले असे नाही. प्रोग्राम मध्येच बंद केला तर पडद्यामागचे कामही तिथेच मरते.

म्हणून सॉफ्टवेअरवाल्याकडे चार गोष्टी मागाव्यात.

एक, पाठवण्याआधी प्रत्येक पत्राची नोंद डिस्कवर व्हावी, जशी रोजमेळात होते. मग वीज गेली तरी संगणक सुरू होताच रांग पुढे चालेल.

दोन, पडद्यावर खरी स्थिती दिसावी: ‘रांगेत’, ‘सर्व्हरने स्वीकारले’ किंवा ‘नाकारले’. सर्व्हरने स्वीकारले तरी पुढे पत्ता चुकीचा निघून पत्र परत येऊ शकते. परत आलेली पत्रे रोज पाहावीत.

तीन, तात्पुरती अडचण असेल तर काही वेळाने आपोआप पुन्हा प्रयत्न व्हावा. साफ नकार असेल तर थांबून माणसाला सांगावे. पत्र पोहोचूनही २५० चा जबाब वाटेत हरवला, तर दुसऱ्या प्रयत्नात तेच पत्र दोनदा जाते. एकाच बिलाच्या दोन प्रती पाहून पार्टीला संशय येऊ नये, म्हणून क्रमांक व तारीख दोन्हींवर तीच राहावी.

चार, रांगेत पत्रे शिल्लक असताना कोणी प्रोग्राम बंद करू लागला, तर त्याने आधी विचारावे.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आता हे सर्व आहे. तरीही मोठ्या रकमेच्या पार्टीला आम्ही फोन करून विचारतो, “भाई, उतारा मिळाला ना?”

उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरामध्ये आहे. लिहिलेले समोरच्यापर्यंत पोहोचले की नाही, हे पाहणेही आम्ही त्याच अमानतीचा भाग समजतो. यंत्रावर जरूर विसंबावे, पण यंत्राच्या शब्दावर एखाद्या माणसाला खोटे ठरवण्याआधी एकदा आपली रांग तपासावी. तिजारतीत पैसा पुन्हा मिळतो, गेलेला भरवसा सहजासहजी मिळत नाही.