विकला, विकून टाकला, विकून बसला

नेवासे तालुक्यातले घोडेगाव कांद्याच्या बाजारासाठी अहिल्यानगर जिल्ह्याबाहेरही ओळखले जाते. कुणी तिथे माल घातला एवढेच सांगायचे असेल, तर ‘त्याने कांदा विकला’ हे वाक्य पुरते. बोलताना मात्र माणसे तेवढ्यावर सहसा थांबत नाहीत. ‘विकून टाकला’ म्हटले की साठवणीचा घोर संपला, मग भाव काहीही मिळालेला असो. ‘विकून घेतला’ म्हणजे भाव पडायच्या आत आपले साधले. ‘विकून दिला’ म्हणजे कांदा दुसऱ्याचा होता, खटपट याची. आणि ‘तो कांदा विकून बसला’ एवढे कानावर आले, की भाव पुढे चढला हे वेगळे सांगावे लागत नाही. सौदा एक, आडत्याची पट्टी एक, मूळ क्रियापदही एकच. नड, फायदा, उपकार, पश्चात्ताप हे सगळे त्याच्या मागून आलेल्या दुसऱ्या क्रियापदाने सांगितले. शाळेत आपण याला संयुक्त क्रियापद म्हणून शिकतो: धातुसाधित अधिक सहायक क्रियापद, दोहोंनी मिळून एकच क्रिया. व्याख्या पाठ होते, पण ही रचना करते काय, हे तिच्यातून कळत नाही. ते कळायला जरा दूरच्या भाषांकडे पाहावे लागते.

इंग्रजी आणि स्वीडिश या एकाच जर्मानिक शाखेच्या भाषा. क्रिया ‘पुरी झाली’ हे सांगायला त्या दुसरे क्रियापद आणत नाहीत, एक छोटा अव्ययासारखा शब्द जोडतात. इंग्रजीत ‘ईट’ म्हणजे खाणे, ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाकणे. स्वीडिशमध्ये हुबेहूब तेच: ‘एता’ आणि ‘एता उप’. ‘अप’ आणि ‘उप’ हे दोन्ही मुळात ‘वर’ ही दिशा दाखवणारे शब्द. दिशेचा अर्थ झिजला आणि पूर्णतेचा उरला. मराठीत टाकणे म्हणजे मुळात हातातली वस्तू सोडणे. इथे हाताची हालचाल झिजली आणि ‘मोकळे होणे’ उरले. या दोन भाषाही आपसात सारख्या नाहीत. इंग्रजीत कर्म त्या जोडीच्या मध्ये शिरू शकते: ‘थ्रो आउट द डॉग’ आणि ‘थ्रो द डॉग आउट’ दोन्ही चालतात. स्वीडिशमध्ये ‘कास्ता उत’ या जोडीत कुत्रा मध्ये येऊ शकत नाही, तो शेवटीच हवा. नकार मात्र मध्ये बसतो. शिवाय स्वीडिशचा खरा भर आघातावर आहे. ‘हेल्सा पो’ म्हणताना जोर क्रियापदावर दिला तर अर्थ होतो ‘अभिवादन करणे’, आणि ‘पो’वर दिला तर ‘भेटायला जाणे’. लिहिलेले अक्षर न अक्षर तेच, आणि क्रियापदे दोन.

आता हे काम मराठीने क्रियापदाकडे का दिले? आपल्या पूर्वज भाषेकडेही असे सुटे शब्द होते: प्र, परा, नि, उत्, उप. वेदांच्या भाषेत ते क्रियापदापासून लांब, कधी त्याच्या मागेही सापडतात. पाणिनीने नियम दिला की ते धातूच्या आधी यावेत, आणि लगेच नोंदवले की वेदात ते नंतरही येतात, मध्ये इतर शब्द घेऊनही येतात. म्हणजे आजची स्वीडिश जे करते, त्याच्या जवळपासचे काहीतरी वैदिक भाषा करत होती. पुढे हे उपसर्ग धातूला चिकटले आणि प्राकृतात उच्चार झिजता झिजता ओळखू येईनासे झाले. ‘बसणे’ मधला ‘उप’, ‘निघणे’ मधला ‘निर्’, ‘उठणे’ मधला ‘उत्’ आज मराठी माणसाला दिसत नाही. ते धातूच होऊन गेले. क्रियेला दिशा आणि शेवट देणारे साधन असे हातचे गेले. दुसऱ्या बाजूला महाराष्ट्री प्राकृतात ‘काऊण’ अशा रूपांतला ‘ऊण’ हा प्रत्यय जोमात होता. तोच पुढे ‘ऊनि’, ‘ओनि’ झाला. शके 1212 मध्ये नेवाशात सांगितलेल्या ज्ञानेश्वरीत ही रूपे जागोजागी आहेत. आजचा ‘करून’ त्याच वंशातला. एका क्रियेला दुसरी जोडण्याची खुंटी तयार होती, आणि भरून काढायला जागाही होती. इंग्रजीच्या इतिहासातही असेच घडले, हे मला या सगळ्यात सर्वांत बोलके वाटते. जुन्या इंग्रजीतले क्रियापदांचे उपसर्ग दुबळे झाले, आणि मध्ययुगात क्रियापदामागून येणारे ‘अप’, ‘आउट’ फोफावले. रिकामी जागा दोन्हीकडे सारखी होती, ती भरायला सामान वेगवेगळे वापरले गेले.

यावर आक्षेप असा, की ही वाढ आतून झालेली नाही, ती शेजाऱ्याची देणगी आहे. कन्नडमध्ये ‘माडिबिडु’ म्हणजे अक्षरशः ‘करून सोड’, अर्थाने ‘करून टाक’. आणि स्वतःसाठी केलेल्या कामाला ‘कोळ्ळु’, म्हणजे घेणे, जोडतात. साम्य एवढे नेमके, की ते योगायोगाचे म्हणता येणार नाही. मरे एमेनो यांनी 1956 साली भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याचे मांडले आणि कॉलिन मासिका यांनी 1976 साली त्याच्या सीमा तपासल्या. अशा जोड क्रियापदांचा विचार त्यात आहे. आक्षेप खरा धरला तरी माझा मुद्दा त्याने ढळत नाही. इंग्लंडात नवव्या शतकापासून वसलेल्या नॉर्स लोकांच्या, म्हणजे स्वीडिशच्या भाऊबंदांच्या, सहवासाने इंग्रजीतल्या या जोड्यांना बळ मिळाले असे मानणारे अभ्यासक आहेत. शेजारी आपली सवय देतो, पण ती मुरते जिथे गरज असते तिथे.

दुसरा आक्षेप व्याकरणाचा: ‘विकून टाकला’ ही ‘विकून गेला’ सारखीच दोन कामांची साखळी, वेगळा वर्ग कशाला? यावर तपासणी सोपी आहे. ‘कांदा विकून संध्याकाळी घरी गेला’ हे बिनबोभाट चालते. ‘कांदा विकून संध्याकाळी टाकला’ हे मराठी नव्हे. ‘कांदा विकून ओट्यावर बसला’ म्हणा, लगेच बसणे खरेखुरे होते आणि पश्चात्ताप पुसला जातो. जोडीच्या मध्ये फक्त ‘च’, ‘तर’, ‘सुद्धा’ असे बारके शब्द शिरतात: ‘विकूनच टाकला’, ‘विकून तर टाक’. इंग्रजी कर्माला वाट देते, स्वीडिश नकाराला, मराठी या जोर देणाऱ्या शब्दांना. तरीही दुसरे क्रियापद निव्वळ शेपूट नाही. ‘त्याने विकून टाकला’ पण ‘तो विकून बसला’: ‘ने’ लागायचा की नाही हे तेच ठरवते. अर्थ पहिल्याकडे, वाक्याचा कारभार दुसऱ्याकडे.

उरतो संपादकांचा आक्षेप, की हा पाल्हाळ आहे. ‘विकला’ने भागते तिथे ‘टाकला’ कशाला. हिंदीच्या संयुक्त क्रियापदावर 1974 साली ग्रंथ लिहिणारे पीटर हुक यांनी पुढे मराठीशी तुलना केली. त्यांना मराठीत ही रचना हिंदीपेक्षा बरीच कमी वेळा आढळली. मला तर हाच पाल्हाळाविरुद्धचा पुरावा वाटतो. मराठी जे इतके मोजून वापरते, ते मुद्दाम वापरत असणार. नकार देऊन पाहिला की हे आणखी स्पष्ट होते. कुणी कांदा विकला का विचारले तर उत्तर येते ‘नाही विकला’. ‘विकून टाकला नाही’ असे कुणी सहसा म्हणत नाही, कारण जे घडलेच नाही त्याच्या पूर्णतेबद्दल बोलायचे कशाला? इंग्रजी-स्वीडिशमधले ‘अप’ आणि ‘उप’ नकारातही खुशाल टिकून राहतात. त्यामुळे ‘मराठीतले टाकणे म्हणजे इंग्रजीतले अप’ असे सरसकट समीकरण मांडणे चूक ठरेल. ते छोटे शब्द क्रियेचा शेवट दाखवतात. मराठी क्रियापद शेवटाबरोबर बोलणाऱ्याचे मनही दाखवते, आणि इंग्रजीवरून मराठी करणाऱ्याने ते गाळले तर वाक्य बरोबर राहून बातमी अर्धी होते. मराठीतला नकाराचा नियमही आंधळा नाही. पूर्णता हाच जिथे प्रश्न असतो, तिथे जोडी नकारातही परत येते: ‘कांदा विकून टाकत नाही तोवर चैन नाही’, किंवा भाव चढतोय हे दिसत असताना घरातून दिलेली ताकीद, ‘घाईघाईत विकून बसू नकोस.’