मोल आणि मावशी

आपल्या घरी धुणीभांडी करायला येणाऱ्या बाईंना आपण काय म्हणून हाक मारतो? बहुतेक घरांत उत्तर एकच येईल, मावशी. आमच्या मनमाडमध्ये काही घरांत खाला म्हणतात, काही घरांत ताई, कुठे नुसतंच बाई. या हाकांत माया असते, नाही असं नाही. पण मराठीत या कामासाठी जुना आणि नेमका शब्द आहे, मोलकरीण. मोल घेऊन काम करते ती मोलकरीण. हा शब्द तिच्यासमोर उच्चारायला आता आपल्याला संकोच वाटतो. मावशी म्हटलं की आपल्यालाच बरं वाटतं. मावशी म्हटल्यावर नातं आलं खरं, पण शब्दातलं मोल गळून पडलं.

या गळून पडलेल्या मोलाविषयी आज थोडं बोलायचं आहे. श्रीमंत घर आणि त्या घरात राबणारी बाई यांच्यातलं अंतर आपल्या साहित्याने, नाटक-सिनेमाने कसं पाहिलं? आणि आपल्यासारखाच जुना, कुटुंबवत्सल समाज असलेल्या चीनच्या लेखकांनी ते कसं पाहिलं?

आधी शब्दाचा इतिहास बघू. पेशवाईच्या कागदपत्रांत कुणबिणी आणि बटकी भेटतात. त्यांची खरेदी-विक्री होत असे. त्यांनाही मोल होतं, पण ते विकणाऱ्याच्या हाती पडायचं. इंग्रजी अमदानीत १८४३ साली कायद्याने गुलामीचा आधार काढून घेतला. कुणबिणीच्या शेजारी उभं करून पाहिलं, तर मोलकरीण हा शब्द हलका वाटत नाही. बटकीचं मोल दुसरा घेतो, मोलकरीण आपलं मोल आपण घेते. विजय तेंडुलकरांच्या 'कमला' या १९८१च्या नाटकात हीच जुनी गोष्ट नव्या काळात येते. पत्रकार जयसिंग जाधव एका आदिवासी बाईला बाजारातून विकत घेऊन दिल्लीतल्या घरी आणतो. ती बाई त्याच्या सुशिक्षित बायकोला, सरिताला, सहज विचारते की तुम्हाला केवढ्याला घेतलं? त्या भाबड्या प्रश्नाने मालकिणीच्या पायाखालची जमीन सरकते.

आता १९६३ सालचा 'मोलकरीण' हा चित्रपट आठवा. सुलोचनाबाईंची भूमिका. आपल्याच मुलाच्या घरी आई मोलकरीण म्हणून राबते. थिएटरात बायका पदर डोळ्याला लावून रडल्या. मला नेहमी प्रश्न पडतो, त्या रडल्या कोणासाठी? मोलकरणीसाठी की आईसाठी? ती बाई त्या मुलाची कोणीच नसती, नुसती चार घरची भांडी घासणारी असती, तर तेवढंच पाणी डोळ्यांत आलं असतं का?

चिनी नाटककार त्साओ यू यांच्या 'वादळ' या १९३४ सालच्या प्रसिद्ध नाटकातही अशीच गाठ आहे. एका खाणमालकाच्या घरात एक मुलगी मोलकरीण आहे. तिला भेटायला तिची आई येते आणि हळूहळू उलगडतं की तीस वर्षांपूर्वी याच मालकाने या बाईला मूल झाल्यावर टाकून दिलं होतं. मालक तिच्यापुढे धनादेश धरतो, ती तो फाडून टाकते. पण या नाटकातही नोकर बाईला मालकासमोर ताठ उभं राहण्याची जागा मिळते ती जुन्या नात्यामुळे. दोन्हीकडे लेखकाने आधी रक्ताचं नातं शोधून काढलं, मग आपल्याला कळवळा आला.

नातं नसलेल्या मोलकरणीचं काय होतं, ते लू शुन यांनी १९२४ साली एका कथेत सांगितलं. कथेचं नाव साधारण 'नववर्षाचा नैवेद्य' असं सांगता येईल. त्यातली बाई विधवा आहे. ती एका खानदानी घरात कामाला लागते आणि पुरुषासारखं राबते. मालकीण खूश असते. पुढे सासरचे लोक तिला पळवून नेऊन पैशासाठी तिचं दुसरं लग्न लावतात. दुसरा नवराही मरतो, लहान मुलाला लांडगा नेतो आणि ती पुन्हा त्याच घरी कामाला येते. आता मात्र ती अपवित्र ठरलेली असते. झाडणं, पुसणं, तिचे कष्ट सगळं चालतं. फक्त पितरांच्या नैवेद्याला तिचा हात चालत नाही. कोणीतरी सांगतं म्हणून ती साठवलेली मजुरी देवळाला देऊन तिथे उंबरठा दान करते, म्हणजे लोकांच्या पायांनी तिचं पाप तुडवलं जाईल. परत येऊन मोठ्या आशेने पूजेच्या भांड्यांना हात लावायला जाते, तर मालकीण घाईने म्हणते, राहू दे. त्या दोन शब्दांनी ती खचते. पुढे तिला कामावरून काढतात आणि ती भीक मागत, ऐन नववर्षाच्या सणात मरते.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला ही कथा परकी वाटणार नाही. सोवळं-ओवळं आपल्याला माहीत आहे. मोरीतल्या खिडकीवर पालथा घातलेला, कान तुटलेला वेगळा कप आपण पाहिलेला आहे. घरातली सगळी भांडी जी घासते, तिला त्याच भांड्यातून चहा चालत नाही.

लू शुन यांच्या कथेतल्या बाईला स्वतःचं नावही नाही. पहिल्या नवऱ्याच्या नावावरून, शियांगलिनची बायको, एवढीच तिची ओळख. कवी आय छिंग यांनी १९३३ साली शांघायच्या तुरुंगात आपल्या दाईवर कविता लिहिली. जमीनदाराचा हा मुलगा त्या गरीब बाईच्या दुधावर वाढला होता. कविता फार हृद्य आहे. पण त्या दाईची ओळख म्हणजे तिच्या माहेरच्या गावाचं नाव. मुंबईतही कोकणातून आलेल्या घरगड्याचं नाव काहीही असो, साहेबाच्या घरी तो 'रामा' व्हायचा.

इथे मला आपल्या जनाबाई आठवतात. गंगाखेडची ही पोर पंढरपुरात नामदेवांच्या घरी कामाला राहिली. तेराव्या-चौदाव्या शतकातली ही बाई दळण, कांडण, झाडलोट, शेणी वेचणं ही सारी कामं एकेक करून अभंगांत आणते. तिचा विठ्ठल तिला त्या कामांतून सोडवत नाही, तो स्वतः जात्याला हात लावतो. आणि अभंगाच्या शेवटी ती सही करते, त्यात तिचं नाव असतं आणि तिचा हुद्दाही, दासी. ती नाव झाकत नाही, तसं कामही झाकत नाही. लू शुन, आय छिंग, तेंडुलकर हे थोर लेखक, पण त्यांनी त्या बाईकडे बाहेरून पाहिलं. जनाबाई जात्याजवळ बसून लिहिते.

तिच्याविषयीची एक कथा तर आजची वाटते. देवाच्या गळ्यातलं पदक नाहीसं झालं आणि आळ आला जनीवर. तिला सुळावर द्यायला नेलं आणि सुळाचं पाणी झालं, असं परंपरा सांगते. घरात अंगठी सापडेनाशी झाली की पहिली नजर कोणाकडे जाते, हे वेगळं सांगायला नको. प्रत्येकीसाठी सुळाचं पाणी होत नाही.

म्हणून कायदा लागतो. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी काम बंद ठेवलं आणि त्यांची संघटना उभी राहिली. पगारवाढ आणि हक्काची सुट्टी मागताना त्यांनी मोलकरीण हाच शब्द अभिमानाने लावला. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. जगभरातल्या घरकामगारांसाठी २०११ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने करार केला, पण भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. करोनाच्या काळात, एप्रिल २०२१मध्ये, राज्य सरकारने घरकामगारांना दीड हजार रुपयांची मदत जाहीर केली, पण ती नोंदणी झालेल्यांसाठी होती. जी कागदावर फक्त कोणाची तरी मावशी होती, तिला ती कशी मिळणार? जानेवारी २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला घरकामगारांच्या कायद्याचा विचार करण्यासाठी समिती नेमायला सांगितलं.

मनमाडात वर्षानुवर्षं नळाला पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी पाणी यायचं. पाणी आलं की अवेळी मावशीला बोलावणं जाई. टाकी, पिंपं, हंडे, कळशा सगळं भरून निघे. महिन्याच्या पगारात त्या तासांचा हिशेब नसे. घरच्यासारखीच आहे, असं म्हटलं की झालं. घरच्या माणसाला पैसे कसे द्यायचे? आणि सुट्टी घेतली की मात्र खाडा कापला जाई. तिथे नातं आठवत नसे.

मावशी म्हणू नका, असं माझं म्हणणं नाही. खुशाल म्हणा. दिवाळीला साडी द्या, ईदला ईदी द्या. पण साडीला बोनस समजू नका. पगार ठरलेल्या तारखेला द्या, आठवड्याची सुट्टी भरपगारी द्या, जादा कामाचे पैसे वेगळे द्या. कल्याण मंडळात नोंदणी करायला कामाचा दाखला लागतो, तो तिने मागितला तर लगेच सही करून द्या. आणि हो, आपण पितो त्याच कपात तिलाही चहा द्या.