घरातील संगणकांची जोडणी : वायरने की वायफायने?

बागायती भागात एका घरात दोन-तीन संगणक असणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. हिशेबाचा एक जुना संगणक असतो, महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींचा लॅपटॉप असतो, गोठ्यावर किंवा पॅकहाऊसवर कॅमेरा असतो आणि मोबाईल तर माणशी एक असतो. इंटरनेटची जोडणी मात्र एकच. ती सर्वांपर्यंत वायरने न्यावी की वायफायने, हा प्रश्न त्यामुळे पडतो. सस्यशास्त्र शिकविणाऱ्याने या विषयावर लिहावे हे थोडे विचित्र वाटेल. परंतु या कामात आमचे स्वतःचे नुकसान झालेले असल्याने चार गोष्टी अनुभवाने सांगता येतात.

प्रथम दुखणे नेमके कोठे आहे ते पाहावे. बोअरलाच पाणी कमी असेल तर आतली पाइपलाइन बदलून उपयोग होत नाही. एक संगणक राऊटरला वायरने थेट जोडून पाहावा. तरीही काम संथ चालत असेल, तर दोष बाहेरून येणाऱ्या जोडणीत आहे. घरातील केबलवर खर्च करू नये. वायरने चांगले चालते आणि वायफायवर अडते असे आढळल्यास मात्र पुढील मजकूर आपल्यासाठी आहे.

वायफाय म्हणजे एका विहिरीवरील चार भावांची पाळी होय. एका राऊटरच्या एका पट्ट्यावर एका वेळी बहुधा एकच उपकरण बोलू शकते, बाकीच्यांना थांबावे लागते. माणसे व उपकरणे वाढली की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते. वायरमध्ये प्रत्येक संगणकाला स्वतंत्र लाइन मिळते व येणे-जाणे एकाच वेळी चालते. साध्या कॅट ५ई केबलमधूनही सेकंदाला १००० मेगाबिट माहिती जाते, म्हणजे गावाकडील बहुतेक इंटरनेट जोडण्यांपेक्षा कितीतरी अधिक. लांबीची मर्यादा १०० मीटर आहे, ती ओलांडू नये.

वायफायला भिंतीचाही अडथळा होतो. जुन्या वाड्याची दोन-अडीच फुटी मातीची किंवा दगडी भिंत, लोखंड भरलेला स्लॅब, आणि सर्वांत वाईट म्हणजे पन्हळी पत्रा. पत्र्याच्या शेडमध्ये बाहेरचा सिग्नल जवळजवळ येत नाही. राऊटरवर सहसा २.४ व ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे असतात. पहिला लांब पोहोचतो पण वेग कमी. दुसरा वेगवान पण भिंतीपलीकडे लवकर क्षीण होतो. गावठाणात घरे चिकटून असतील तर २.४ च्या पट्ट्यात शेजाऱ्यांचीही गर्दी असते. तेथे १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळा चॅनेल निवडावा.

तेव्हा जे जागचे हलत नाही ते वायरने जोडावे : हिशेबाचा संगणक, टीव्ही, कॅमेऱ्याचे रेकॉर्डर. जे हातात फिरते ते वायफायवर ठेवावे. म्हणजे मोबाईलवाल्यांनाही पाळी लवकर येते. मागच्या खोलीत सिग्नल पोहोचत नसेल तर सिग्नल पुढे ढकलणारे छोटे यंत्र घेण्याचा मोह होतो. परंतु साधे यंत्र ज्या पट्ट्यावर घेते त्याच पट्ट्यावर पुढे देते, त्यामुळे वेग सुमारे निम्म्यावर येतो. त्यापेक्षा तेथपर्यंत एक केबल नेऊन तिच्या टोकाला दुसरे वायफाय यंत्र बसविणे केव्हाही चांगले.

केबल घेताना एक परीक्षा अवश्य करावी. तार ब्लेडने खरवडून पाहावी. आतपर्यंत लाल दिसली तर शुद्ध तांबे. आतून पांढरी निघाली तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा समजावा. अशी तार दोन-चार वेळा वाकविली की तुटते, आणि कॅमेऱ्याला याच केबलमधून वीज द्यायची असल्यास ती तापते. केबल मोटारीच्या किंवा दिव्याच्या वायरिंगच्या नळीतून नेऊ नये; वेगळ्या पीव्हीसी नळीतून न्यावी. उंदरांपासूनही त्यामुळे बचाव होतो.

आता घर सोडून गोठा, पॅकहाऊस किंवा मळ्यातील खोलीकडे जायचे असेल, तर येथे फार जपावे लागते. आमच्या घरापासून गोठ्याजवळची खोली साधारण ६० मीटर आहे. अंतर शंभर मीटरच्या आत म्हणून आम्ही साधी तांब्याची केबल शेवग्याच्या झाडावरून ओढून नेली. दोन वर्षे काम उत्तम चालले. २०१९ च्या मे महिन्यात एका संध्याकाळी वळीव आला. लाइट आधीच गेलेली होती, आम्हीही मेन स्विच पाडून निश्चिंत बसलो होतो. दोन बांध पलीकडे बाभळीवर वीज कोसळली. लाइट आल्यावर पाहिले तर राऊटर, संगणक आणि गोठ्यावरचा कॅमेरा, तिन्ही गेलेले. तीन वर्षांचे दुधाचे हिशेब त्या संगणकात होते, त्यांची प्रत कोठेही नव्हती.

याचे कारण असे, की वीज अंगावरच पडावी लागते असे नाही. जवळपास पडली तरी लांब तांब्याच्या तारेत क्षणभर मोठा दाब निर्माण होतो. शिवाय दोन इमारतींच्या अर्थिंगमधील जमिनीचा दाब त्या क्षणी सारखा नसतो, आणि आपणच ओढलेली तार त्या दोन्हींना जोडून देते. मेन स्विच पाडून हा मार्ग बंद होत नाही. म्हणून दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल टाकू नये, अंतर कितीही कमी असो.

त्याऐवजी दोन मार्ग आहेत. पहिला, काचेच्या तंतूची ऑप्टिकल केबल. काचेतून वीज वाहत नाही. दोन्ही टोकांना प्रकाशाचे रूपांतर करणारे एकेक छोटे यंत्र लागते. जोड देण्यास खास मशीन लागत असल्याने टोके बसविलेली तयार लांबीची केबल घ्यावी. काही केबलमध्ये आधाराची पोलादी तार असते. ती यंत्रापर्यंत आणू नये, नाहीतर तीच वीज घेऊन येईल. केबल एचडीपीई पाइपमधून, बांधाच्या कडेने, दोन फूट खोल गाडावी. शेतातून आडवी नेल्यास कधीतरी नांगर तिला शोधून काढतोच. वळणावर काटकोनात मोडू नये.

दुसरा मार्ग बिनतारी जोडीचा. एकमेकांकडे तोंड केलेली दोन यंत्रे काही शे मीटर अंतर सहज पार करतात. यांतील पुष्कळ यंत्रे ५ गिगाहर्ट्झवर चालतात. २०१८ साली या पट्ट्याचा मोठा भाग बाहेरच्या वापरासाठीही परवानामुक्त झाला. मात्र यंत्रांना एकमेक स्पष्ट दिसले पाहिजे, आणि येथे आमच्या विषयाचा संबंध येतो. मार्च महिन्यात खोडव्यावरून समोरची खोली स्वच्छ दिसते. सप्टेंबरात तोच ऊस पुरुषभर उंची ओलांडून उभा राहतो आणि जोडणी तुटू लागते. पानांतील पाणी या लहरी शोषून घेते. पावसाने भिजलेल्या झाडोऱ्यातून तर फारच थोडे पार होते. म्हणून उंची ठरविताना पूर्ण वाढलेले पीक धरावे. तसेच हे यंत्र घराच्या सर्वांत उंच टोकावर बसवू नये. त्यापासून खाली येणारी तारही तांब्याचीच असते, तिला सर्ज संरक्षक व चांगले अर्थिंग द्यावे.

लाइट गेल्यावर राऊटर चालू राहावा यासाठी बॅटरीचा छोटा यूपीएस मिळतो. राऊटरवर लिहिलेले व्होल्ट पाहून घ्यावा, बहुतेकांना १२ व्होल्ट लागतात. दूरच्या टोकावरील यंत्रालाही असाच एक द्यावा लागतो, हे पुष्कळदा विसरले जाते. ढग गडगडू लागले की विजेचे प्लग आणि जालाच्या केबली, दोन्ही काढाव्यात; परंतु गडगडाट अगदी डोक्यावर आला असेल तर कशालाही हात लावू नये. हिशेबांची प्रत दर पंधरवड्याला वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी.