कोपऱ्यातल्या माणसाचे मोल

एखाद्या माणसाच्या श्रमाचे मोल किती, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या ग्रंथांत जितका चर्चिला गेला असेल, त्याहून कमी तो देहूरोडच्या बाजारपेठेतील चहाच्या टपऱ्यांवर चर्चिला जात नाही. मात्र तेथे तो मजुरीच्या निमित्ताने क्वचित आणि कबड्डीच्या निमित्ताने वरचेवर निघतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत प्रो कबड्डीचा जो लिलाव झाला, त्यात पुणेरी पलटणने मोहम्मदरेझा शादलुई या इराणी खेळाडूसाठी २ कोटी ३५ लाख रुपये मोजले आणि या चर्चेला अभूतपूर्व ऊत आला. कारण लिलावाच्या कागदोपत्री हा गृहस्थ अष्टपैलू म्हणून नोंदला गेला असला, तरी त्याची खरी उपजीविका डाव्या कोपऱ्यावर चालते. आणि ज्याचे काम गुण आणण्याचे नसून गुण जाऊ न देण्याचे, त्याच्यावर एवढा खजिना रिता करावा काय, हे कोडे भल्याभल्यांना पडले.

"काका, एका कॉर्नरला दोन कोटी पस्तीस लाख? एवढ्यात दोन रेडर आले असते," असे चाकणच्या कारखान्यातून रात्रपाळी उरकून आलेला तरुण म्हणतो, आणि डेपोतून निवृत्त झालेले काका बशी खाली न ठेवता उत्तर देतात, "आले असते रे, पण बाहेर बाकावर बसायला." या एका वाक्यात वादाचे अर्धे सार आले आहे, परंतु ते ज्याला कबड्डीचा जमाखर्च ठाऊक आहे त्यालाच कळावे, म्हणून थोडे विस्ताराने सांगणे प्राप्त आहे.

पुरुषांच्या मैदानाच्या मध्यरेषेपासून निदानरेषा पावणेचार मीटरवर आणि तिच्यापलीकडे आणखी एक मीटरवर बोनसरेषा असते. समोर सहा किंवा सात रक्षक उभे असताना चढाईपटूने बोनसरेषेपलीकडे एक पाय टाकला आणि त्या क्षणी त्याचा दुसरा पाय हवेत असला, तर कोणालाही न शिवता त्याला एक गुण मिळतो. म्हणजे लोभाच्या त्या क्षणी हा बलदंड माणूस एका पायावर उभा असतो, आणि कोपऱ्यातला रक्षक, जो इतका वेळ गुडघे मोडून, शेजाऱ्याचा हात धरून, जणू काही घडतच नाही अशा चेहऱ्याने मागे सरकत होता, तो साखळी सोडून त्या एका पायावर झेप घेतो व दोन्ही हातांनी घोटा आवळून छातीशी घेतो. प्रेक्षकांना येथेच पकड झाल्याचा भास होतो, आणि दूरदर्शनचा निवेदकही येथेच आरोळी ठोकतो. वास्तविक संकटाला आता कोठे प्रारंभ झालेला असतो. कारण मध्यरेषा पावणेपाच मीटरवर आहे खरी, परंतु त्यातले जवळजवळ निम्मे अंतर उंच माणूस नुसता आडवा पडून, हात लांबवून काटू शकतो, आणि उरलेले तो पायाला लोंबकळणाऱ्या रक्षकासकट फरपटत नेऊ शकतो. तेवढ्यात मधल्या जागेवरच्या रक्षकाने, ज्याला सगळे कव्हर म्हणतात, तिरके धावत येऊन खांद्याने त्याला आतल्या बाजूला लोटले, तर पकड पुरी झाली. तो अर्ध्या क्षणाने चुकला, तर झटापटीत अंगाला लागलेले सगळे रक्षक बाद झाले.

आता गुणलेखनाची वहिवाट अशी की, पकड साधली तर गुण एका नावावर जमा होतो, आणि ते नाव बहुधा घोटा धरणाऱ्याचे असते. लोटणाऱ्याचा खांदा खतावणीच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही. त्याहून मोठी गंमत पुढेच आहे. पकडीचा एक गुण फलकावर दिसतो. पण त्या गुणाबरोबर रक्षकांचा एक बाद गडी परत आत येतो, आणि पकडला गेलेला चढाईपटू त्याच्या संघाने गुण मिळवीपर्यंत बाहेर बसतो. समजा, असा प्रमुख चढाईपटू आपल्या संघाच्या चार चढाया होईपर्यंत बाहेर राहिला. प्रतिपक्षाच्या चार धरून, प्रत्येक चढाईला ३० सेकंदांची मुभा या हिशेबाने, सुमारे चार मिनिटे, म्हणजे ४० मिनिटांच्या सामन्याचा दहावा हिस्सा तो निष्क्रिय बाकावर होता. चढाईपटू हे या खेळातले सर्वांत महाग भांडवल. ते गोठवून ठेवण्याची किंमत कोणत्या खात्यावर टाकायची? काकांच्या बाकाचा अर्थ हा.

नुसत्या आकड्यांवर विसंबणाऱ्याची दिशाभूल कशी होते, याची साक्ष स्पर्धेचे दप्तरच देते. २०१७ च्या पाचव्या हंगामात प्रदीप नरवालने चढायांचे ३६९ गुण केले, तर एकाच हंगामात पकडींचे १०० गुण गाठणारा पहिला रक्षक, नितेश कुमार, त्याच्या पुढच्या वर्षी निपजला. दहाव्या हंगामात चढाईपटूंत अग्रणी ठरलेल्या अशू मलिकचे गुण २७६, आणि रक्षकांत अग्रणी ठरलेल्या आपल्या शादलुईचे ९९. तेव्हा रक्षक चढाईपटूच्या तिसऱ्या हिश्शाचाच धनी, असे अनुमान पाळीवरून आलेल्या तरुणाने काढले तर त्याचा दोष नाही. पण चढाईपटू आपल्या वेळेला स्वतःच्या मर्जीने येतो. रक्षकाला समोरच्याने चूक करण्याची वाट पाहावी लागते, आणि तो जितका नामांकित, तितके शहाणे चढाईपटू त्याच्या वाटेला कमी जातात. ज्या कोपऱ्याकडे कोणी फिरकतच नाही, त्या कोपऱ्याच्या नावावर गुण कसे जमणार? भीतीने न झालेल्या चढायांची नोंद कोणताही गुणलेखक करीत नाही.

हा पेच केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या नायकापुढे पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे राहतात. चेंडू त्यांच्या हाती क्वचितच येतो, गुण त्यांच्या नावावर जवळजवळ कधीच लागत नाहीत, आणि ते चुकले तरच त्यांचे नाव पुकारले जाते. १९८०च्या दशकात वॉशिंग्टनच्या संघातील अशा भिंतीला 'हॉग्ज', म्हणजे डुकरे, असे लाडके नाव पडले, आणि काही पुरुष प्रेक्षक त्यांच्या सन्मानार्थ बायकांचे झगे चढवून, नाकावर डुकराचे नकली नाक लावून सामन्यांना येऊ लागले. आपल्याकडे कोपरारक्षकासाठी अद्याप कोणी एवढी तोशीस घेतलेली नाही. तिकडे आता प्रत्येक डावाची चित्रफीत तपासून या गड्यांना वेगळे गुण देणाऱ्या संस्था निघाल्या आहेत, आणि तरीही कोणाला किती पगार द्यावा यावर तेथील प्रेक्षक हमरीतुमरीवर येतातच.

देहूरोडचा कौल मात्र, माझ्या निरीक्षणाप्रमाणे, प्रथमपासून रक्षकाच्या बाजूने झुकलेला आहे, आणि याचे कारण या वस्तीच्या घडणीत असावे. लष्कराच्या आयुध डेपोभोवती, आगगाडीच्या स्थानकाला आणि जुन्या मुंबई रस्त्याला धरून वाढलेले हे छावणीचे ठाणे. येथील पिढ्यांनी कोठारे सांभाळली, यादी ताडून माल रवाना केला, आणि आघाडीवर काय झाले ते दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात वाचले. शिवाय कात्रजकडून येणारा बाह्यवळण रस्ता बालेवाडीवरून निघून थेट देहूरोडलाच मिळत असल्यामुळे, शिवछत्रपती क्रीडासंकुलातील सामना पाहून मध्यरात्रीपूर्वी घरी पोहोचणे येथल्या माणसाला परवडते, आणि मतभेद वाटेतच सुरू होतात.

पलटणने या मतभेदांना खाद्य पुरविण्यात कधी कसूर केलेली नाही. २०२२ च्या हंगामासाठी तिने फझल अत्राचलीला १ कोटी ३८ लाखांना घेऊन कर्णधार केले. हा इराणी कोपरारक्षक २०१८ साली लिलावात एक कोटीचा पल्ला गाठणारा पहिला परदेशी खेळाडू होता, आणि त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत त्याच्या इराणने भारताला उपांत्य फेरीत २७-१८ असे हरवून, १९९० पासून अखंड चालत आलेली आपली सुवर्णाची मिरासदारी मोडली होती. कुस्तीच्या मुलुखातून आलेल्या या मंडळींनी पकड ही विद्या आहे, हे आपल्याला आपल्याच खेळात शिकवावे, यात थोडी नामुष्की आहे. पण विद्या कोठूनही घ्यावी. फझलची पलटण अंतिम सामन्यात जयपूरकडून २९-३३ अशी हरली. पुढच्या हंगामात शादलुई आला, अस्लम इनामदार कर्णधार झाला, आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून पहिले विजेतेपद मिळविले. पंकज मोहितेच्या चढायांची त्या रात्री वाहवा झाली, आणि ती योग्यच होती. पण ४० मिनिटांत प्रतिपक्षाला २५ गुणांवर रोखून धरणे हे काम चढायांनी होत नाही, हे निदान डेपोतल्या मंडळींनी चटकन ओळखले.

आणि मग पलटणने शादलुईला मोकळे सोडले. ऑगस्ट २०२४ च्या लिलावात हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांना उचलले, आणि २९ डिसेंबरला अंतिम सामना झाला तो बालेवाडीतच; पुण्याच्या अंगणात हरियाणाने पाटण्याला ३२-२३ असे हरवून चषक नेला. त्या रात्री रस्त्याने परतताना काकांचा पक्ष किती तावातावाने बोलला असेल, हे सांगावयास नको. परंतु दैवाने दुसऱ्या पक्षालाही न्याय दिला. २०२५ साली गुजरातने याच माणसावर २ कोटी २३ लाख लावले, लिलावातली ती सर्वांत मोठी बोली ठरली, आणि गुजरात बाद फेरीलाही पोहोचला नाही. उलट त्याच्याविना खेळलेली पलटण साखळीत पहिली आली आणि अंतिम सामन्यात दिल्लीकडून अवघ्या तीन गुणांनी, २८-३१ अशी हरली. दिल्लीच्या त्या संघात फझल होता, असे काकांचा पक्ष लागलीच नोंदवितो.

माझे मत विचाराल तर दोन्ही पक्ष एकाच माणसाकडे पाहतात, तेथेच गफलत होते. पुण्यात शादलुईच्या शेजारी आणि समोरच्या बाजूला संकेत सावंत, अबिनेश नादराजन, गौरव खत्री अशी माणसे होती, जी एकमेकांचे हात धरून हंगामभर एका लयीत मागेपुढे सरकली होती. त्याने घोटा धरला की खांदा येणारच, ही खात्री त्याच्या झेपेत होती. ती खात्री लिलावात विकत मिळत नाही, आणि गुजरातने पैसे मोजले ते केवळ झेपेचे. सुदैवाने कव्हरचेही दिवस पालटू लागले आहेत: ज्याच्या नेतृत्वाखाली जयपूरने पलटणला हरविले, तो उजवा कव्हर सुनील कुमार, त्याला २०२४ मध्ये यू मुंबाने १ कोटीहून अधिक रक्कम देऊन घेतले. चाकणच्या तरुणाला हा सौदा मान्य आहे. काकांना तो स्वस्त वाटतो, आणि पुढच्या लिलावात पलटणने एकाच संघात सोबत खेळलेली कोपरा-कव्हरची जोडी पाहून बोली लावावी, अशी त्यांची सूचना आहे. संघाच्या व्यवस्थापनापर्यंत ती पोहोचविण्याची तजवीज तूर्त कोणाकडे नाही.