उकिडवं बसून काढलेली कारकीर्द

बेसबॉलमध्ये क्षेत्ररक्षण करणाऱ्या नऊ जणांपैकी आठ जणांची तोंडं एकाच बाजूला असतात. नववा कॅचर. तो त्यांच्यासमोर उकिडवा बसतो आणि सगळं मैदान त्याला एकट्याला दिसतं. पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनच्या ट्रिपल-ए, म्हणजे मेजर लीगच्या एक पायरी खालच्या, मैदानावर जाळीमागची जागा मिळाली की मी खेळ सोडून त्यालाच बघतो.

एका सामन्यात सव्वाशे-दीडशे वेळा तरी ही बैठक होते. चेंडू ताशी दीडशे किलोमीटरने येतो. तो ग्लोव्हमध्ये शिरताना मनगट किंचित आत वळतं, कडेचा चेंडू पंचाला आतला वाटावा म्हणून. ही हातचलाखी नियमात बसते, आणि तिच्यावर कित्येकांचं पोट चालतं! उघडा उजवा हात घोट्यामागे दडवलेला, कारण बॅटला चाटून आलेला चेंडू बोटं मोडतो. चेंडू आधी जमिनीवर आपटणार असेल तर झेलायला जायचंच नाही. गुडघे टेकायचे, हनुवटी छातीला लावायची आणि तो अंगावर घेऊन पुढ्यात पाडायचा. आपल्या यष्टिरक्षकाहून मोठा फरक असा, की पुढचा चेंडू कोणता टाकायचा ते बहुधा हाच सुचवतो.

याच मैदानावर एरिक क्राट्झ हा कॅचर खेळला. तो जवळच्याच टेलफर्डचा. 2002 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, टोरांटोने त्याला 29व्या फेरीत निवडलं. मेजर लीगचा पहिला सामना मिळाला जुलै 2010 मध्ये, तिशी ओलांडल्यावर. कारकिर्दीतली फलंदाजीची सरासरी .209, म्हणजे बेताचीच. तरीही पिट्सबर्ग, फिलाडेल्फिया, कॅन्सस सिटी, ह्यूस्टन, न्यूयॉर्क असे संघ त्याला घेत राहिले. 2016 मध्ये तर दोन संघांनी त्याच्याकडून पिचिंगही, म्हणजे चेंडूफेकही, करून घेतलं.

घेत राहिले ते पिचरांसाठी. कोणाचा स्लायडर नावाचा वळणारा चेंडू दमल्यावर पडत नाही, कोण बोललं की बिथरतो, कोणाला गप्प बसवत नाही, हे काही दिवसांत ओळखायचं. पण ही माहिती पुढच्या शहरात कवडीमोलाची. तिथे पाटी कोरी.

2018 मध्ये, अडतिसाव्या वर्षी, मिलवॉकीकडून कोलोराडोविरुद्धच्या प्लेऑफ मालिकेत त्याने आठपैकी पाच वेळा हिट मारली. पुढचा मोसम सुरू होण्याआधी मिलवॉकीने त्याला सॅन फ्रान्सिस्कोला देऊन टाकलं. मे महिन्यात तो टॅम्पाला. पुन्हा नवे पिचर.